बार दाबल्यावर सूर परत का येत नाही

प्रश्न ऐरोलीहून आला आहे, इलेक्ट्रिक गिटारीच्या ट्रेमोलोबद्दल. ट्रेमोलो म्हणजे बार नावाचा दांडा दाबून सूर हलवता येतो असा ब्रिज, आणि ब्रिज म्हणजे गिटारीच्या पोटावर तारा अडकवतात तो भाग. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा लिहितो: "काका, माझ्याकडे सेकंडहँड स्ट्रॅट पद्धतीची गिटार आहे, सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोची. मागच्या महिन्यात ९ च्या जागी १० चा सेट चढवला. तेव्हापासून ब्रिज मागून उचलला गेलाय, बार दाबून सोडला की तिसरी आणि चौथी तार बेसूर होते, आणि बार भोकात खुळखुळतो. दुकानात म्हणाले लॉकिंग ट्यूनर टाक आणि ब्रिजही बदल. एवढे पैसे नाहीत. घरी काही करता येईल का?"

करता येईल. तिन्ही तक्रारी घरी सुटणाऱ्या आहेत, आणि त्यातल्या दोन तर एकाच कारणातून आल्या आहेत: तू तारांचा सेट बदललास, ९ चा पातळ काढून १० चा जाड चढवलास (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). त्यामुळे आधी एक रविवार या गिटारला दे, मग खरेदीचं बघू.

मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये १४ वर्षं फिटर होतो. गिटारी दुरुस्त करणं तेव्हा संध्याकाळचं काम होतं, आता तेच पूर्ण वेळचं आहे, नौपाड्यात घरच्या बाल्कनीत टेबल टाकून. ट्रेमोलोची तक्रार घेऊन जेवढ्या गिटारी येतात त्यात खरोखर पार्ट बदलावा लागतो अशा थोड्या. बाकीच्यांत एक तर कुठेतरी तार अडकत असते, नाहीतर तोल गेलेला असतो. अडकणं आणि तोल, एवढे दोन शब्द धरून चाल.

तोल म्हणजे अक्षरशः तराजूचा. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, ही गिटार आणली, तेव्हापासून ही रचना मुळात तीच आहे. वर ब्रिजची प्लेट, ती पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर बिजागरीसारखी टेकलेली. प्लेटच्या खाली धातूचा जड ठोकळा, ठोकळ्याला मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांचं दुसरं टोक एका पंजात अडकवलेलं. या पंजाला क्लॉ म्हणतात. तो दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेला असतो. तारा ब्रिजला पुढे ओढतात, स्प्रिंगा मागे. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की ब्रिज हवेत स्थिर राहतो, यालाच फ्लोटिंग ब्रिज म्हणतात. नाव ट्रेमोलो पडलं ते मात्र चुकीचं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, आणि इथे हलतो तो सूर, म्हणजे व्हायब्रेटो. पण सत्तर वर्षं चाललेलं नाव आता कोण बदलणार, आपणही तेच वापरू.

आता आकडे बघ. तुझ्या गिटारीवर तारेची बोलती लांबी, म्हणजे डोक्याकडच्या नट नावाच्या खाचांच्या पट्टीपासून ब्रिजपर्यंतचा वाजणारा भाग, २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर धरतो. ९ ते ४२ चा सेट नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो होतो. १० ते ४६ च्या सेटचा सुमारे ४६ किलो. तू एका पारड्यात ८ किलो वाढवलेस आणि दुसऱ्या पारड्याला हात लावला नाहीस. ब्रिज मागून उचलला जाणारच. शिवाय नटमधल्या खाचा ९ च्या तारांसाठी कापलेल्या होत्या, त्यात जाड तार दाबून बसली. तिसरी-चौथी अडकते ती तिथेच, असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर कानस चालवायची नाही. आधी तपासायचं.

तपासणीला फक्त सूर दाखवणारा ट्यूनर लागतो, मोबाइलमधला चालेल. सहाही तारा नीट सुरात लाव. बार पूर्ण खाली दाब, हळूच सोड, आणि बारला पुन्हा हात न लावता एकेक तार वाजवून बघ. काही ठरावीक तारा चढलेल्या दिसल्या आणि बाकीच्या जागेवर असल्या, तर दोष नटमध्ये किंवा स्ट्रिंग ट्रीमध्ये आहे. स्ट्रिंग ट्री म्हणजे डोक्यावर तार खाली दाबून धरणारी छोटी चिमटी. चढतात का ते समजून घे. बार दाबलास की बोलती तार सैल पडते, पण नटच्या पलीकडे, खुंटीकडच्या तुकड्यात ताण तसाच असतो. तो तुकडा थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर ती तार परत यायला हवी; खाच घट्ट असेल तर येत नाही. बोलत्या भागात तार कमी उरली, म्हणून सूर वर. आता तीच तार जोरात बेंड करून, म्हणजे बोटाने आडवी ओढून, सोड. उलटं होईल, सूर पुन्हा खाली येईल. दाबल्यावर चढते आणि बेंडनंतर उतरते अशी जोडी मिळाली की नटबद्दल शंका ठेवू नकोस. ट्यून करताना नटमधून "टिंग" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का, तेही ऐक.

दाबून सोडल्यावर सहाच्या सहा तारा थोड्या उतरलेल्या असतील, आणि बार वर ओढून सोडल्यावर सगळ्या थोड्या चढलेल्या, तर नटचा संबंध नाही. तिथे ब्रिज स्वतःच मूळ जागी परत येत नाही. घर्षण सहा स्क्रूंपाशी आहे.

आणि दुकानात सांगितलेला ट्यूनर, म्हणजे डोक्यावरची तार ताणायची खुंटी? ट्यूनरचा दात घसरला तर सूर फक्त उतरतो, तो चढवू शकत नाही. तू "बेसूर होते" एवढंच लिहिलंस, वर की खाली ते नाही. बार सोडल्यावर तार वर गेलेली दिसली तर ट्यूनर निर्दोष आहे. लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार चिमटून धरणारी खुंटी, चांगली वस्तू आहे, तार बदलणं सोपं होतं, खुंटीवरचे वेढे कमी होतात. पण नटमध्ये अडकणारी तार त्याने सुटत नाही.

नटपासून सुरुवात कर. एका वेळी एकच तार सैल करून खाचेतून बाजूला काढ. खाच कोरड्या टूथब्रशने साफ कर. मळ आणि घाम साचून तिथे चिकट थर झालेला असतो. मग चित्रकलेची ६बी पेन्सिल खाचेत घास. त्याहून चांगलं म्हणजे पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड करायची, तांदळाच्या दाण्याएवढ्या व्हॅसलिनमध्ये कालवायची आणि टूथपिकच्या टोकाने लावायची. स्ट्रिंग ट्रीच्या खालच्या बाजूलाही तेच लाव, आणि ब्रिजवरच्या सॅडलवर, म्हणजे प्रत्येक तार टेकते त्या छोट्या तुकड्यावरही. पुन्हा बार दाबून बघ. निम्म्या गिटारी इथेच बऱ्या होतात.

तुझी होईल याची मला खात्री नाही, कारण खाच अरुंद असेल तर वंगण थोडेच दिवस टिकेल. ओळख सोपी आहे. तार सैल करून वर उचल. ती सहज बाहेर आली तर ठीक. चिमटीत धरल्यासारखी अडून मग सुटली तर खाच रुंद करायला हवी. चौथी, पाचवी, सहावी या वेढ्याच्या तारा आहेत, त्यांच्यासाठी जुनी वेढ्याची तार हीच कानस. जुन्या तारेचा वीतभर तुकडा दोन्ही हातांत ताणून धर आणि खाचेत पुढेमागे कर. साध्या तारांसाठी ८०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्याची धार वापर. रोख नेहमी डोक्याकडे उतरता ठेव, म्हणजे तार नटच्या बोर्डाकडच्या कडेवर टेकेल. खाच रुंद करायची आहे, खोल करायची नाही. पाच-सहा हात मारायचे, तार बसवून बघायचं, पुन्हा काढायची.

खोल गेली तर काय होतं ते मी सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या गिटारीवर पाहिलं. घाईत चार हात जास्त मारले आणि तिसरी तार मोकळी वाजवली की पहिल्या फ्रेटवर, म्हणजे बोर्डावरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर, खरखरायला लागली. त्या दिवशी त्या माणसाचा कार्यक्रम होता. उपाय आहे, तुलाही कधी लागेल: खाचेच्या दोन्ही बाजूंना टेप लाव, खाचेत खाण्याच्या सोड्याची बारीक पूड भर, त्यावर फेविक्विकचा एकच थेंब सोड. क्षणात दगडासारखं होतं. मग पुन्हा हळूहळू खाच काढायची. चालतं, बरीच वर्षं टिकतं, पण पाळी न आलेली बरी.

नट झाल्यावर खुंट्या बघ. साध्या ट्यूनरवर दोन-तीन वेढे पुरेत, खाली खाली जाणारे, एकमेकांवर न चढलेले. नवी तार लावली की बोटाने वर ओढून ताणून घ्यायची आणि पुन्हा सुरात लावायची, सूर उतरायचा थांबेपर्यंत.

सहा स्क्रूंचं काम बहुतेक लोक चुकीचं करतात. स्क्रू घट्ट केले की ब्रिज पक्का बसेल असं वाटतं, आणि ब्रिज अडकून बसतो. स्क्रूच्या मानेवर प्लेट डुलली पाहिजे, डोक्याने ती दाबली जाता कामा नये. तारा सैल कर. प्लेट गिटारीवर सपाट टेकलेली असताना कडेचे दोन स्क्रू डोकं प्लेटला जेमतेम शिवेल इतपत फिरव. त्यापुढे फिरवलास तर प्लेटची मागची कड उचलली जाताना दिसेल, तिथून थोडं मागे ये. मधले चारही अर्धा अर्धा फेरा वर घे. ते फक्त ब्रिज जागेवर ठेवायला आहेत, भार कडेच्या दोघांवर. स्क्रूच्या मानेपाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सुईने सोड, जास्त नको, लाकूड पितं. दोनच खांबांवर टेकणारा ब्रिज असलेल्या गिटारी आता खूप आहेत; अशी कोणाची असेल त्याने तारा ताणलेल्या असताना ते खांब फिरवू नयेत. प्लेटची धार तिथे चाकूसारखी असते, ताणाखाली फिरवली की तिचा कपचा उडतो, आणि तो दोष घरी सुधारत नाही.

आता तोल. मागचं प्लास्टिकचं झाकण काढ. बहुधा तीन स्प्रिंगा दिसतील. जागा पाचांची असते. १० च्या सेटला तीन चांगल्या स्प्रिंगा पुरतात, फक्त क्लॉ थोडा आत घ्यावा लागतो. तो पार लाकडाला टेकायला आला तरी ब्रिज खाली येत नसेल तर चौथी घाल.

फेंडरच्या पद्धतीत प्लेटची मागची कड गिटारीपासून १/८ इंच, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर वर असते. एवढं मोजायला फीलर गेज शोधत बसू नकोस. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, मुदत संपलेली चार कार्डं एकावर एक ठेवलीस की ३ मिलिमीटर झाले. उठावदार आकडे असलेली घेऊ नकोस, सपाट घे.

तारा बऱ्याच सैल कर. क्लॉचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने एकेक फेरा आत घे, ब्रिज गिटारीवर घट्ट बसेपर्यंत. बार वापरून मागची कड थोडी उचल आणि कार्डांची चळत तिच्याखाली सरकव, पॉलिशला ओरखडा नको म्हणून खाली पातळ कापड. आता ब्रिज कार्डांवर दाबून बसला आहे, म्हणजे काही वेळापुरता तो न हलणारा ब्रिज आहे. सगळ्या तारा शांतपणे सुरात लाव. एक चढवली की दुसरी उतरते, हा फ्लोटिंग ब्रिजचा सगळ्यात मोठा त्रास, तो इथे होत नाही. सूर पक्के झाले की क्लॉचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल करत जा, दोन्ही सारखे. दर वेळी कार्डं हलकेच ओढून बघ. ज्या क्षणी ती कमी जोराने सुटून हातात येतात, त्या क्षणी स्प्रिंगांची ओढ आणि तारांची ओढ समान झालेली असते, नेमक्या तुला हव्या त्या उंचीवर आणि हव्या त्या सुरात. किरकोळ फरक राहिला तर पाव फेऱ्याने जुळव. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा घरातलं तांदूळ मोजायचं तागडं आठवलं, काटा मध्ये येऊन थरथरत थांबतो तसं. यानंतर तारांची उंची आणि सॅडलची जागा पुन्हा एकदा तपास, कारण ब्रिज खाली आला की दोन्ही बदलतात.

क्लॉचा स्क्रू फिरतो पण पकडत नाही असं झालं, तर लाकडातले आटे गेले आहेत. स्क्रू काढून भोकात फेव्हिकॉल लावलेल्या टूथपिक ठासून भर, वरची टोकं कापून टाक, रात्रभर वाळू दे, आणि दुसऱ्या दिवशी बारीक ड्रिलने मध्ये वाट करून स्क्रू घाल. तिथे मोठा ताण आहे म्हणून घाई नको.

झाकण उघडलंच आहे तर क्लॉला डाख दिलेली एक वायर दिसेल, ती ओढून बघ. ती तारांची अर्थिंग आहे. तारांना हात लावून घूं आवाज कमी होत नाही, पण जॅकच्या धातूला हात लावला की होतो, तर ही वायर सुटली आहे. क्लॉ जाड पत्र्याचा असतो, २५ वॅटची सोल्डरिंग तापवायला कमी पडते. ६० ची घे आणि आधी जागा घासून चकचकीत कर. वाजवणं थांबवल्यावर मागून स्प्रिंगांचा गुंजल्यासारखा आवाज येत असेल तर त्यांच्याखाली मऊ फोमचा पातळ तुकडा सरकव.

खुळखुळणाऱ्या बारचं काम माझ्या जुन्या धंद्यातलं आहे, म्हणून जरा थांबतो. पहिला उपाय सगळ्यांना माहीत असलेला: नळ जोडणाऱ्यांची पांढरी टेफ्लॉन टेप. आट्यांवर दोन-तीन वेढे दे, आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळ, नाहीतर आत जाताना टेप सुटून गोळा होईल. बार हवा तिथे थांबतो आणि हात काढला की धाडकन खाली पडत नाही. दर दोनेक महिन्यांनी टेप बदलावी लागते.

पण आधी बार त्याच गिटारीचा आहे का ते बघ, सेकंडहँड गिटारीत हे हमखास चुकलेलं असतं. अमेरिकन बनावटीच्या फेंडर बारचे आटे १०-३२ या इंची मापाचे असतात, जाडी ४.८ मिलिमीटर. आशियात बनणाऱ्या गिटारींत बहुधा ५ किंवा ६ मिलिमीटर. १०-३२ आणि ५ मिलिमीटर यांच्या आट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं आहे, एकाचं ०.७९४ आणि दुसऱ्याचं ०.८ मिलिमीटर. म्हणून अमेरिकन मापाचा बार ५ च्या भोकात छान फिरत जातो, आणि मग आयुष्यभर खुळखुळतो. उलट ५ चा बार १०-३२ च्या भोकात जोर लावून घातला तर अडकून बसतो. व्हर्नियर असलेल्या कोणाकडून बारची जाडी मोजून घे. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिळेलच.

माप बरोबर असूनही बार हलतो, फिरवल्यावर पकडत नाही, तर ठोकळ्यातले आटे झिजले आहेत. स्वस्त गिटारींचा ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, मऊ. ५ मिलिमीटरचे आटे गेले असतील तर नवा ठोकळा लागत नाही. ६ मिलिमीटरच्या टॅपसाठी (आटे पाडायचं हत्यार) आधी ५ मिलिमीटरचंच ड्रिल मारायचं असतं, म्हणजे जुने आटे तेवढे निघून जातात आणि नव्यांना ताजा धातू मिळतो. तीन स्क्रू काढून ठोकळा प्लेटपासून वेगळा कर, व्हाइसमध्ये सरळ पकड, टॅपला दोन थेंब तेल, अर्धा फेरा पुढे की पाव फेरा मागे, आणि कीस झटकत राहा. डोळ्यांवर चष्मा हवा. टॅप तिरका गेला तर बारही तिरका उभा राहील, म्हणून हात बसलेला नसेल तर ठोकळा घेऊन वागळे इस्टेट किंवा तुमच्या रबाळेच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे जा. पाच मिनिटांचं काम आहे. प्लेटमधलं भोकही ६ चा बार जाईल एवढं करून घे, आणि बार अर्थातच ६ चा.

पावसाळ्याबद्दल सांगायलाच हवं. खाडीच्या दोन्ही काठांना, तुमच्याकडे आणि आमच्याकडे, जून ते सप्टेंबर स्प्रिंगा आणि सॅडलचे बारीक स्क्रू गंजतात. सॅडलचा १.५ मिलिमीटरचा ॲलन स्क्रू एकदा गंजून बसला की किल्ली आतल्या आत गोल फिरते. पावसाळ्याआधी सॅडल काढून शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर ठेव, पुसून परत बसव. फवाऱ्याचं तेल थेट गिटारीवर मारू नकोस, ते लाकडात आणि पिकअपमध्ये जातं. वाजवून झालं की तारांइतकाच ब्रिजही कोरड्या कापडाने पूस, घामातलं मीठ तिथेच साचतं. लाकडाचा बाकही या दिवसांत बदलतो, त्यामुळे एप्रिलमध्ये जुळवलेला तोल ऑगस्टमध्ये थोडा हललेला दिसला तर घाबरू नकोस, पाव फेऱ्याचा प्रश्न असतो.

शेवटी एक विचार कर: तू बार खरोखर वापरतोस का? गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना दर दोन गाण्यांनी सहावी तार उतरवायची असते, आणि फ्लोटिंग ब्रिजवर एक तार उतरवली की बाकी पाच चढतात. त्यांना मी ब्रिज बंद करून देतो. एरिक क्लॅप्टन यांनीही आपल्या स्ट्रॅटवर पाचही स्प्रिंगा लावून लाकडाच्या तुकड्याने ब्रिज बंद ठेवला. सुताराकडून सागवानाचा एक तुकडा आण. कार्डांच्या पद्धतीने ब्रिज सुरात बसव, मग मागच्या पोकळीत ठोकळा आणि लाकडाची भिंत यांच्यातली फट मोज. फक्त खाली दाबता यावं आणि वर जाऊ नये असं हवं असेल तर एकाच बाजूला, स्प्रिंगांच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीला नव्हे तर स्प्रिंगांकडच्या फटीत तुकडा बसव. पूर्ण बंद हवा असेल तर दोन्हीकडे. तुकडा फटीपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड ठेवून पॉलिश पेपरवर घासत घासत असा आण की तो अंगठ्याने दाबून बसेल. सरस लावू नकोस, उद्या बार वापरावासा वाटला तर तो हाताने निघाला पाहिजे.